माझा मोडका पाय, तुझ्या खात्यावर

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला आधी वाटलं असेल, आला, पुन्हा पैसे मागायला आला. तसं नाहीये. म्हणजे पैशांचंच आहे, पण उलट्या बाजूने. तू फोन उचलत नाहीस. सतरा वेळा केला. मावशीने दोनदा उचलला आणि दोन्ही वेळा "ती अंघोळीला गेलीये" म्हणाली, एकदा सकाळी अकराला आणि एकदा दुपारी चारला. मावशीला खोटं बोलता येत नाही, तिला पुढच्या वेळी निदान दुसरं कारण शिकव. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. शाळेत माझ्या प्रत्येक निबंधाखाली 'विषय सोडून' असा शेरा असायचा आणि वहीवर घरच्यांची सही म्हणून तू बाबांची सही मारायचीस. इथेही मी विषय सोडणार, तरी वाचत राहा. आज अठ्ठावीस तारीख. तीस तारखेला बाबांनी केलेल्या भागीदारीच्या कागदाची दहा वर्षं संपतायत. त्याआधी आपण दोघांनी नवा कागद केला नाही तर दुकान मोडायचं आणि वह्यांत जसं असेल तसं वाटून घ्यायचं, हे त्यात लिहिलंय आणि ते आपल्याला दोघांनाही पाठ आहे. पण वह्यांत काय आहे ते तुला माहीत नाही. मलाही नव्हतं.

त्या दिवसाबद्दल आधी बोलून घेतो, नाहीतर पेन पुढे सरकणार नाही. आठ महिन्यांनी आलो, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती आणि विचारलं, माझा अर्धा कधी मिळेल. तू त्या दातांच्या डॉक्टरची खुर्ची मढवत होतीस आणि तोंडात बारीक खिळे धरलेले होतेस. बोलायचं तर आधी ते काढायला हवेत. तू एकेक खिळा तळहातावर काढत होतीस, आठ-नऊ तरी असतील, आणि तेवढा वेळ नुसती माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आता फोडून काढणार. तू म्हणालीस, "पाणी तरी पी आधी." मग मी फिरत्या गॅरेजचं सांगायला लागलो, मी आणि माझा दोस्त पाना मिळून जुनी व्हॅन घेणार, गावोगाव जाऊन सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करणार, पानाकडे हात आहे आणि माझ्याकडे... तिथे तू विचारलंस, "तुझ्याकडे काय आहे?" मी म्हटलं, अर्धं दुकान. हे मी बोललो. मला आठवतंय, तू विसरली असशील असं समजून पुढे जात नाही. तू किल्ल्या त्या खुर्चीवर ठेवल्यास आणि म्हणालीस, "मुनीमकाकांची नजर गेली, त्यांनी काम बंद केलंय. तूच सीए शोध, तूच हिशेब करून घे, सही कुठे करायची ते कळव." दुसऱ्या दिवशी सकाळी तू मावशीकडे निघून गेलीस. मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं, चला, एक काम कधी नव्हे ते मला दिलं तेही टोमणा म्हणून.

तर सीए शोधणं. तुला वाटेल त्यात काय, पाटी बघायची आणि आत शिरायचं. मीही तसंच केलं. पहिला गाठला तो काचेच्या इमारतीतला, सातवा मजला, खाली लिफ्टमध्ये मी माझे बूट पुसले. तिथे माझ्याआधी चार माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्यांचे पाय हलत होते. आत गेल्यावर साहेबांनी मान वर न करता विचारलं, उलाढाल किती. मी म्हटलं, माहीत नाही. विचारलं, खर्च किती. माहीत नाही. मग मान वर केली आणि म्हणाले, "मग तुम्ही भागीदार कशाचे?" त्यांच्या मदतनीस बाईंनी मला दार उघडून दिलं. अपमान करायची पण एक तऱ्हा असते, त्यांची फार स्वच्छ होती.

दुसरा पानाच्या ओळखीचा. बाजाराच्या मागे, जिन्याखाली ऑफिस. तो मला बघताच उठून उभा राहिला, बसा म्हणाला, गार पाणी मागवलं. म्हणाला, "आकडा किती हवाय ते सांगा, मग आपण मागे मागे येऊ." फी किती विचारलं तर म्हणे, फी कसली, तुमच्या वाट्याला येईल त्यातले दहा टक्के. मला तो इतका आवडला ताई, मी जवळजवळ हात मिळवला होता. पण माझं लक्ष एका जागी राहत नाही हे तू इतकी वर्षं ऐकवतेस त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. तो बोलत होता आणि मी भिंतीवरची सनद वाचत बसलो होतो. तिच्यावर नाव एकाचं आणि टेबलावरच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं. मी विचारलं, हे कोण. तो म्हणाला, "ते आमचे सर, सही त्यांची, काम माझं." सर कुठे असतात तर म्हणे, परदेशी. उठलो. तो जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, दहा जास्त वाटत असतील तर आठ.

तिसऱ्या बाई. यांच्याकडे मला सायकलवाल्याने पाठवलं. म्हणजे मी सीए शोधत नव्हतोच, एका सायकलच्या दुकानात चाकाचे आरे कसे ताणतात ते बघत उभा होतो, बोलता बोलता त्याला सगळी कहाणी सांगून झाली, तेव्हा तो हातातली पक्कड वर करून छताकडे दाखवत म्हणाला, "वरच्या मॅडमना भेट. माझं दुकान त्यांनी दोनदा वाचवलंय, एकदा बँकेपासून आणि एकदा माझ्यापासून." वर एकच खोली, दोन टेबलं, खिडकी. पाटीवर 'सनदी लेखापाल' आणि खाली नंबर. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला, आवाज इतका हळू की तुला पुढे वाकून ऐकावं लागतं. पहिलंच वाक्य, "आधी माझा नंबर संस्थेच्या यादीत तपासून या, मग बोलू." मी म्हटलं, विश्वास आहे. त्या म्हणाल्या, "मला ओळखून अडीच मिनिटं झालीत. विश्वास कशावर ठेवलात? चष्म्यावर?" खाली जाऊन तपासलं. नंबर खरा निघाला. मग त्यांनी फी एका कागदावर लिहून दिली, सगळं काम मिळून एवढी, वाट्याला काही येवो न येवो. टक्केवारीचं विचारलं तर म्हणाल्या, टक्के घेणाऱ्याला तुमचा वाटा फुगवावासा वाटतो, आणि तो फुगला की दुसऱ्या कुणाचा तरी आटतो. आणि तिसरं, हे मला आवडलं नव्हतं, त्यांनी विचारलं, "मी कोणाची? तुमची एकट्याची की दुकानाची?" मी म्हटलं, दुकानाची. "मग ताईंना कळवावं लागेल." तेव्हा तुला ते पत्र आलं. तुझं उत्तर मी वाचलंय. तीन शब्द. 'तो म्हणेल ते.' मी ते बघून खूश झालो, म्हटलं, झालं, मिळाली परवानगी. मॅडमनी कागद फाइलला लावला आणि म्हणाल्या, "ही संमती नाही, हा राग आहे. रागाच्या जोरावर मी वाटणीचा कागद करत नसते."

आता त्यांची पद्धत ऐक, कारण सगळं तिच्यातून निघालंय. त्या कागदांना हात लावत नाहीत. मी मुनीमकाकांकडचे अकरा खोके दोन खेपांत आणले, ठेवले, आणि निघालो, म्हटलं, कधी येऊ? त्या म्हणाल्या, बसा. ज्याचं दुकान त्याने कागद लावायचे, दहा वर्षांचे, एकेक पावती, तारखेप्रमाणे. मी शिसपेन्सिल देते, पेन मिळणार नाही. मी म्हटलं, मॅडम, मी यात अडाणी आहे. "तारीख वाचता येते ना?" ताई, मी, ज्याला सिनेमात मध्यंतरापर्यंत बसवत नाही, नऊ दिवस त्या खिडकीशी बसलो. अर्ध्या तासाने खाली जायचो, सायकलवाल्याची एखादी चाकं सरळ करायचो, परत वर. मॅडम म्हणाल्या, तुमच्या जिन्याचं भाडं लावू का? पण त्यांचं गणित बरोबर होतं. पावती लावायची म्हणजे वाचावी लागते आणि वाचली की विचारावंसं वाटतं. दुसऱ्या वर्षी फोम दुप्पट का? कारण त्या बंद पडलेल्या थिएटरच्या दोनशे चाळीस खुर्च्या तू एकटीने केल्यास, आणि मी त्या वर्षी कुठे होतो ते आठवायचा प्रयत्न केला तर एका बोटीवर तिकिटं फाडत होतो, तेही सहाच आठवडे. चौथ्या वर्षी शिवणयंत्राची मोटर तीनदा. पाचव्यात मनगटाचा पट्टा, औषधांच्या दुकानातला. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एक पट्टा. तुझं मनगट दुखतं हे तू कधी बोलली नाहीस. का म्हणून बोलशील, मी फोनवर पहिली दहा मिनिटं माझंच सांगायचो.

मग आईच्या दवाखान्याचे कागद सुरू झाले. तिच्या शेवटच्या तीन वर्षांचे, चार खोके भरून. प्रत्येकाच्या मागे तुझ्या अक्षरात 'माझ्या खात्यावर'. मला कळेना. मॅडमनी पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी समजावलं ते तुला तसंच सांगतो. बाबांच्या कागदात आपण दोघं अर्धेअर्धे. म्हणून दरवर्षी कर भरून जो नफा उरला त्याचा अर्धा मुनीमकाका माझ्या खात्यावर टाकत गेले आणि अर्धा तुझ्या. मी कधी उचलला नाही, कारण माझ्या नावाने काही साठतंय हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं दुकान म्हणजे भिंती आणि दोन यंत्रं. तू मात्र तुझ्या अर्ध्यात घर चालवलंस आणि आईचं सगळं, ऑपरेशन, नर्स, ती वर-खाली होणारी खाट, सगळं एकटीच्या अर्ध्यातून. दुकानात काम करण्याचा पगार म्हणून एक पैसा नाही. मुनीमकाका आता काठीने चालतात, पण बोलणं तसंच आहे. भेटायला गेलो तर म्हणाले, "मी तिला शंभरदा सांगितलं, अगं भावाच्या खात्यातून निम्मं घे, आई त्याचीही आहे. ती म्हणायची, तो समोर नाहीये, त्याला न विचारता हात लावला तर ती चोरी." शंभरदा सांगितलं म्हणे. एकदा मला का नाही सांगितलं, विचारलं. "तुझा पत्ता कोणाकडे होता रे, भिंगरी?"

आणि ताई, त्या ढिगात एक पावती सापडली, माझ्या पायाची. तो घाटातल्या गावात मोडला होता तो घोटा, प्लास्टर, सात दिवसांची खाट. तेव्हा पैसे आईने पाठवले असं तू म्हणाली होतीस. पावतीच्या मागे काय लिहिलंय? 'माझ्या खात्यावर.' अगं, माझा पाय! माझा स्वतःचा मोडका पाय! तो तरी माझ्या पैशातून बांधायचास की नाही? मी तिथेच मोठ्याने हसलो, मग हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागलो, मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. जगातली दुसरी कुठली बाई अशी चूक करेल का? लोक भावाच्या वाट्यातून उचलतात आणि स्वतःच्या नावावर लिहितात. तू उलटं करत गेलीस, तेही दहा वर्षं, तेही सुवाच्य अक्षरात.

आता आकडा. नवव्या दिवशी मॅडमनी बेरीज माझ्यासमोर ठेवली. माझ्या खात्यावर इतकं साठलंय की जागा, यंत्रं, माल, बँकेतले पैसे, सगळं मिळून जवळपास तेवढंच होतं. आणि तुझं खातं उणे. म्हणजे तीस तारखेला वह्यांप्रमाणे वाटणी झाली तर दुकान सगळं माझं आणि वर तू माझं देणं लागतेस. तुला वाटतंय, अर्धं त्याला देऊन अर्ध्यात कुठेतरी छोटी जागा बघेन. तसं नाहीये ताई. तुझ्या हातात काहीच येणार नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं, "तुम्ही काही करायची गरज नाही. तुम्ही नुसते गप्प बसलात आणि ताई रागावून गप्प बसल्या, की तीस तारीख आपोआप येते."

इथे मी उठून दोन फेऱ्या मारून आलो. पुढचं लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं. लिहितो. मी दोन दिवस गप्प होतो. मॅडमना म्हटलं, बरं नाही, आणि गेलोच नाही. त्या दोन दिवसांत मी व्हॅन बघून आलो. रंगही ठरवला, हिरवा. जागा किती ते पावलांनी मोजलं, कारण तो शेजारचा दातांचा डॉक्टर भिंत पाडून ती घ्यायला टपलाय आणि त्याने मला विचारलंही होतं. मनात म्हणत होतो, मी कुठे काय चोरलंय, वह्या तिच्याच माणसाने लिहिल्यात, मी तर काहीच केलं नाही. काहीच न करणं हे मला आयुष्यात सगळ्यात चांगलं जमतं, आणि पहिल्यांदाच त्याचे कोणीतरी पैसे देत होतं. मग तरी चैन पडेना. खाऊन उठायचो आणि काय खाल्लं ते आठवायचं नाही. शेवटी मी त्या जिन्याखालच्या दहा टक्केवाल्याकडे गेलो. का गेलो? कोणीतरी बरोबर म्हणावं म्हणून. त्याने सगळं ऐकलं, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "अहो, लॉटरी लागलीये तुम्हाला! सीए बाईला घाला चुलीत, बहिणीला एक शब्द बोलू नका, तीस तारीख उलटू द्या. पेढे नकोत, मला फक्त आठ टक्के." आणि तो इतका मनापासून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी दोन दिवस मनात जे म्हणत होतो, शब्दाला शब्द तेच त्याच्या तोंडून ऐकलं. माझ्या मनात ते एवढं घाण वाटत नव्हतं. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, सात.

मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, वह्या दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, मागचं खोडता येत नाही, दरवर्षी तुमच्या दोघांच्या सह्या आहेत त्यावर. माझ्या सह्या? दरवर्षी घरी आलो की तू एक कागद पुढे करायचीस आणि मी न वाचता सही करून पाणी मागायचो, त्या. मी म्हटलं, मग तीस तारीख जाऊ दे, सगळं माझं झालं की मी तिला देऊन टाकतो. त्यांनी चष्मा काढला. "बक्षीस म्हणून? घेतील त्या?" मी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि म्हटलं, फेकून मारेल. "मग बक्षीस नको. त्यांचं जे आहे ते त्यांचं म्हणून लिहा." मार्ग आहे तो एवढाच. तीस तारखेच्या आत दोघांनी मिळून नवा कागद करायचा, की आईचा खर्च दोघांत निम्मा, माझा पाय माझ्या खात्यावर, आणि दहा वर्षं दुकान एकटीने चालवलं त्याचा पगार, तो दुकानाने तुला द्यायचा. आजच्या तारखेने, उघडपणे, दोघांच्या सह्यांनी. कर बसेल तो मॅडमनी काढलाय. पगार किती धरायचा म्हणून मी बाजारात फिरलो, सोफे करणाऱ्या चार कारागिरांना त्यांचा दिवसाचा रोज विचारला. त्यातला तो एक डोळा मिचकावणारा म्हातारा कारागीर, त्याला कळेना मी कोणाबद्दल विचारतोय, मग कळल्यावर म्हणाला, "ताईंचा हात? तो रोजावर मिळत नाही, बाळा. मी माझ्या मुलाला त्यांच्याकडे शिकायला पाठवणार होतो, त्या म्हणाल्या, माझा भाऊ येणार आहे, जागा त्याची आहे." मी त्याचा स्वतःचा रोज किती ते विचारून कागदावर लिहून घेतलं.

त्या म्हाताऱ्याने सांगितला तो रोज धरून मॅडमनी अंदाज काढला. दुकान तुझं ठरतं, आणि माझ्या वाट्याला जे उरतं त्यात व्हॅनची पुढची दोन चाकं येतील, मागची नाहीत. खोटं कशाला बोलू, तो आकडा मी मॅडमकडून दोनदा परत मोजून घेतला. पानाला फोन केला तर आधी शिव्या घातल्या, मग म्हणाला, "दोन चाकांची तर सायकल असते, तीच घे, तुझ्या लायकीची." पण फोन ठेवला तेव्हा मी जेवलो, आणि काय जेवलो ते मला आठवतंय. मी बदललो वगैरे लिहिणार नाही. तू हसशील. दुकानात थांबेन असं वचनही देत नाही, तशी सहा वचनं दिलीत आणि सहाही मोडलीत. फार तर एवढं म्हणतो, त्या डॉक्टरची खुर्ची अर्धवट पडली होती ती मी परवा तोंडात खिळे धरून बसून पुरी करायला घेतली. एक खिळा गिळता गिळता राहिला. खुर्चीची पाठ सरळ आलीये, डावा हात जरा लंगडा झालाय. तू उसवशील, माहीत आहे.

कागद पाकिटात आहे. मॅडमनी दोनदा वाचून घेतला माझ्याकडून, मोठ्याने, आणि मगच पेन दिलं. माझी सही त्यावर नाही अजून, कारण पगाराची जागा कोरी आहे. तो आकडा मी लिहायचा नाही असं त्यांनीही सांगितलं आणि मलाही तेच वाटतं. दहा वर्षं काम तू केलंस, किंमत तू सांग. कमी लिहिलास तर मी सही करणार नाही, माझ्याकडे त्या म्हाताऱ्याचा रोज लिहून आणलेला आहे. हे पत्र टपालाने आलेलं नाही, पाकिटावर तिकीट नाही ते तू एव्हाना बघितलंच असशील. मी सकाळच्या पहिल्या गाडीने आलोय आणि मावशीच्या घरासमोरच्या लाँड्रीच्या बाकावर बसून हे लिहितोय. तू दोनदा गॅलरीत आलीस. दुसऱ्या वेळी उजवं मनगट डाव्या हाताने धरून उभी होतीस. दारापर्यंत मी तीनदा आलो आणि तीनदा मागे फिरलो, कारण दार उघडून तू म्हणणार, 'कुठे सही करायची?' आणि न वाचता करून टाकणार, मी करायचो तशी, आणि मला ते नकोय. म्हणून आधी सगळं लिहून काढलं. हे मावशीच्या हातात देतो आणि परत इथेच येऊन बसतो. परतीची गाडी पाचची आहे, नंतर आठची आहे, उद्याही आहेत, मी कुठलंच तिकीट काढलेलं नाही. तू नीट वाच, भांडायचं असेल तर भांडायला ये, आकडा लिहिलेला कागद घेऊन ये. मी उठून जाणार नाही.

तुझाच, समोरच्या बाकावरचा,
भिंगरी